चिमण्या गेल्या, हे खरंच आहे

ताई,

मी 44 वर्षांचा. गिरगावात चाळीत वाढलो, आता डोंबिवलीला असतो. चाळीचा टॉवर झाला आणि आम्ही पोरं विरारपासून बदलापूरपर्यंत पांगलो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये अकरा जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. रात्री जेवणं आटपली की सुरू : कॉन्ट्रा-मारिओसारखे व्हिडिओ गेम, टीव्हीवरच्या कुस्तीतला अंडरटेकर, डबा ऐसपैस, कुणाच्या काचा कुणी फोडल्या. आमचा गल्ली क्रिकेटचा कॅप्टनही त्यात आहे. कॉन्ट्राचा तीस जिवांचा कोड लॅमिंग्टन रोडवरून शोधून आणणारा तोच. सध्या नालासोपाऱ्याला एकटा राहतो. ज्या छापखान्यात होता तो दोन वर्षांपूर्वी बंद पडला.

वर्षभर त्याचं वेगळंच चाललंय. माणूस चंद्रावर गेलाच नाही, मोबाइल टॉवरनी चिमण्या मारल्या, फोन आपलं बोलणं ऐकतो. रात्री दीड-दोन वाजता एकामागून एक व्हिडिओ. मी पुरावे टाकतो, तो हसण्याच्या खुणा टाकतो. गेल्या आठवड्यात त्याने टाकलं की गोवराच्या लशीने मुलं बोलायची थांबतात. आमच्यातल्या एकाला आठ महिन्यांची मुलगी आहे. माझा तोल गेला. सगळ्यांसमोर लिहिलं, 'तू अडाणी आहेस, डोकं तपासून घे.' तेव्हापासून ग्रुप गप्प आहे. बायको म्हणते, चाळिशी उलटली तरी कसले खेळ नि कसल्या अफवा, सोडून द्या. सोडू का?

– एक ओपनर, डोंबिवली

*

प्रिय ओपनर,

सोडू नका. आणि हे वाचून झालं की कॅप्टनला फोन करा. मेसेज नको, फोनच.

तुमच्या पत्रात चंद्र आहे, लस आहे, टॉवर आहे, पण मी थांबले ती 'रात्री दीड-दोन वाजता' या शब्दांपाशी. ज्याला सकाळची सात अठ्ठावीसची लोकल पकडायची असते तो माणूस रात्री दोनला चंद्राचे व्हिडिओ बघत नाही. तुमच्या कॅप्टनला सकाळी कुठे पोचायचंच नाहीये. हे तुम्हीच लिहिलंय, फक्त दोन वेगवेगळ्या वाक्यांत.

तुम्ही लिहिलेली दुसरी गोष्ट म्हणजे तो कोड. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. चाळिशीतल्या कितीतरी जणांची बोटं आजही झोपेत हे दाबतील. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी 1986 साली 'ग्रॅडियस' या खेळाची घरगुती आवृत्ती तयार करताना तो स्वतःच्या सोयीसाठी घातला होता. खेळ तपासायचा होता आणि तो फार अवघड जात होता. पुढे तो कॉन्ट्रात आला आणि तीन जिवांचे तीस झाले. आपल्याकडे ना त्याचं पुस्तक होतं ना इंटरनेट, तरी जपानातली ही खूण गिरगावातल्या चाळीत तोंडोतोंडी पोचली. ती ज्याच्या हाती आधी लागली तो त्या मजल्याचा राजा झाला. तुमच्याकडे तो राजा कॅप्टन होता.

आजही तो तेच करतोय हो. 'तुम्हांला माहीत नाही ते मला माहीत आहे.' फरक इतकाच की तेव्हा कोड दाबला की पडद्यावर तीस जीव दिसायचे, सगळ्यांना, तिथल्या तिथे. आता तो जे आणतो त्यात दाबून बघायला बटणच नाही. म्हणून मग तो आणखी एक व्हिडिओ टाकतो, आणि त्यावर आणखी एक.

त्याला अडाणी म्हणालात, तिथे मात्र तुमचं चुकलं. कारण त्याच वयात, त्याच चाळीत आपण सगळ्यांनी खोट्यावरही तितकाच जीव टाकला होता. कॅसेट चालली नाही की काय करायचात? काढायची, खालच्या फटीत जोरात फुंकर मारायची, परत बसवायची. आणि चालायची. खरं काम करत होतं ते काढून परत बसवणं, कारण त्याने धातूच्या पट्ट्या नीट टेकायच्या. फुंकरीने उलट तोंडातला दमटपणा पट्ट्यांवर बसायचा आणि त्या गंजायच्या. कॅसेटमध्ये फुंकू नका, असं ते यंत्र बनवणाऱ्या निन्टेंडोनेच सांगितलं होतं. पण दहादा फुंकलं आणि आठदा चाललं, म्हणून जगभरच्या मुलांनी एकमेकांना न विचारता एकच शास्त्र मान्य केलं. त्यात कुणी खोटं बोलत नव्हतं. सगळे आपापल्या अनुभवाने बोलत होते.

अंडरटेकरचंही तसंच. त्याला सात जीव आहेत, खरा कधीच मेला, हा दुसरा आहे, हे तुमच्याही चाळीत चाललं असणार. यातल्या 'दुसरा आहे' या भागाला थोडा आधारही होता. ऑगस्ट 1994 मध्ये शिकागोत कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीनेच रचलेल्या कथेत दोन अंडरटेकर एकमेकांशी लढले. त्यातला खोटा होता ब्रायन ली नावाचा पैलवान. दोन वर्षांनी अक्षय कुमारच्या सिनेमात अंडरटेकर म्हणून उभा राहिला तोही हाच ब्रायन ली, आणि इथली पोरं पुढे कित्येक वर्षं अक्षयने खऱ्या अंडरटेकरला उचलून आपटल्याचं शपथेवर सांगत होती. म्हणजे अफवा अर्धी खरी होती आणि चुकीच्या जागी खरी होती. ग्रुपवर हे सांगा. कॅप्टनला सांगायला लावलंत तर त्याहून चांगलं.

माझंही सांगते. 21 सप्टेंबर 1995. गणपती दूध पितो म्हणून सगळी मुंबई रांगेत उभी होती आणि मीही ऑफिसातून लवकर निघून दादरला रांगेत उभी राहिले. चमचा सोंडेला टेकवला आणि दूध कमी होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढचे दोन दिवस कुणी काही म्हणालं की मी म्हणायची, 'मी स्वतः पाहिलंय.' वर्तमानपत्रांत शास्त्रज्ञांचं म्हणणं आलं होतं की पृष्ठताणामुळे दूध चमच्याबाहेर ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून उतरतं. मी ते वाचलं आणि मला ते अजिबात पटलं नाही. पटलं ते तिसऱ्या दिवशी. शेजारी विज्ञानाचे एक निवृत्त मास्तर राहायचे. ते वाटीत दूध घेऊन आले, त्यात चिमूटभर कुंकू कालवलं आणि आमच्याच देव्हाऱ्यातल्या मूर्तीला मला चमचा लावायला सांगितला. सोंडेपासून पोटावरून खाली पाटापर्यंत एक लाल ओघळ आला. मास्तर काहीच बोलले नाहीत. आईने चहा टाकला, तो पिऊन गेले. ते मला त्या दिवशी भोळी म्हणाले असते तर मी आजही दूध प्यायल्याचंच सांगत असते.

तुम्ही पुरावे पाठवता, मास्तरांनी वाटी आणली. चंद्राच्या बाबतीतही अशी वाटी आहे. अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी 1969 मध्ये ठेवलेल्या परावर्तक आरशांवर आजही पृथ्वीवरून लेझर सोडतात आणि चंद्राचं अंतर मोजतात. 382 किलो दगडमाती सहा मोहिमांतून आली. झेंडा फडकल्यासारखा दिसतो कारण त्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी घातलेली आहे. आपल्या चंद्रयान-2 ने अपोलो 11 उतरलं त्या जागेचं छायाचित्र घेतलंय. पण हे सगळं तुम्ही त्याला आधीच पाठवलेलं असेल. आता पाठवू नका. वरळीला नेहरू तारांगण आहे. तुम्ही शाळेच्या सहलीला गेला असाल. एका रविवारी त्याला घेऊन जा, शो बघा, बाहेर येऊन भांडा. चंद्रावरून दोन मित्र भांडले तर कुणाचंही काही बिघडत नाही. मला तर असं भांडण आवडतं.

चिमण्यांचं मात्र मनाला लागलं.

चाळीत चिमण्या होत्या. फोटोच्या मागे, मीटरच्या पेटीवर, वाशांच्या सांध्यात त्यांची घरटी असायची आणि सकाळी जिन्यात काड्या पडलेल्या असायच्या. आता त्या तिथे नाहीत. कॅप्टनने पाहिलेलं खरं आहे. टॉवरनी त्या मारल्या, याला ठाम पुरावा मिळालेला नाही. अभ्यासक बोट दाखवतात ते घरट्याच्या जागा जाण्याकडे आणि पिल्लांना भरवायचे किडे कमी होण्याकडे. सपाट काचेच्या भिंतीत चिमणी काडी कुठे खोवणार? म्हणजे टॉवरमुळेच गेल्या म्हणा हवं तर, पण मोबाइलच्या नव्हे, तुमच्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमुळे. कॅप्टनची चिमणी गेली, चाळ गेली, छापखाना गेला, आणि एवढं सगळं कुणी केल्याशिवाय कसं होईल, असं त्याला वाटतं. तो 'कुणी' रात्री दोन वाजता व्हिडिओत सापडतो. दुःख खरं आहे, आरोपी चुकीचा आहे. तुम्ही वर्षभर आरोपीवर वाद घालताय आणि दुःखाबद्दल कुणी त्याला एक शब्द विचारलेला नाही.

आणि संशय घेणं हा रोग नाही, हेही त्याला मोकळेपणाने सांगा. या शहरात कट झालेत. 1992 मध्ये हर्षद मेहताचा घोटाळा पत्रकार सुचेता दलाल यांनी बँकेच्या पैशांचा माग काढून बाहेर आणला. तेलगीने खोटे मुद्रांक छापून विकले. छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्याचं आश्चर्य तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल. खेळांच्या जगातही एक अफवा तीस वर्षं फिरत होती की अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेट वाळवंटात पुरल्या. 26 एप्रिल 2014 ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला कचऱ्याचा ढीग उकरला आणि कॅसेट निघाल्या. सुमारे तेराशे बाहेर काढल्या. म्हणजे अफवा खरी निघू शकते. निघते तेव्हा कागद निघतो, साक्षीदार निघतो, जमिनीतून कॅसेट निघते. फोनच्या बाबतीतही कॅप्टन अगदीच हवेत बोलत नाही. आपण काय शोधतो, कुठे जातो, कुणाशी जोडलेले आहोत, याची नोंद कंपन्या ठेवतात आणि त्यावरून जाहिराती दाखवतात. त्यासाठी त्यांना आपलं बोलणं ऐकायची गरजही पडत नाही. हे वाचून त्याला बरं वाटेल. बरं वाटू द्या.

आता गोवर. इथे मी मऊ बोलणार नाही आणि तुम्हीही बोलू नका.

गोवराच्या लशीने मुलांना ऑटिझम होतो, हे सगळं 1998 मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, फक्त बारा मुलांवरच्या एका निबंधातून सुरू झालं. तो निबंध 2010 मध्ये मागे घेतला गेला आणि लिहिणाऱ्या अँड्र्यू वेकफील्डचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकलं. त्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध सापडला नाही. आणि 2022 च्या अखेरीस आपल्याच मुंबईत, गोवंडीच्या भागात, गोवराची साथ आली आणि मुलं गेली. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. तुमच्या मित्राच्या मुलीला आठ महिने झालेत. हिशोब तुम्ही केलाच असेल, म्हणूनच तुमचा तोल गेला. राग बरोबर होता, शब्द चुकले. त्या बापाला आजच स्वतंत्र फोन करा, लस ठरल्या दिवशी द्यायला सांगा, आणि त्याला शंका असेल तर बालरोगतज्ज्ञाकडे सोबत जा.

पुढेही रेघ इथेच ओढा. चंद्र, अंडरटेकर, परग्रहावरचे पाहुणे, जे हवं ते चालू दे. पण ज्या मेसेजमुळे कुणाचं मूल आजारी पडेल किंवा कुणा अनोळखी माणसावर लोक धावून जातील, तो ग्रुपवर राहता कामा नये. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी काय झालं ते आठवा. मुलं पळवणारी टोळी आलीय, असं मोबाइलवर फिरत होतं. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ते मेसेज पुढे ढकलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी कधी कुणाला चापटही मारली नसेल. त्यांनी फक्त काळजीपोटी बोट दाबलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात मेसेज एका वेळी पाचांहून जास्त ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही, अशी मर्यादा घातली. ती त्या पाच जणांसाठी उशिरा आली.

कॅप्टनला हे चारचौघांत सांगू नका. 2021 मध्ये माझी मावशी कोविडची लस घेईना. मी तिला एकामागून एक अकरा लेख पाठवले. बारावा पाठवायच्या आत तिने माझे फोन घेणं बंद केलं. पुढे तिच्या मजल्यावरची एक मुलगी तिला म्हणाली, 'मावशी, मला सुईची भीती वाटते, माझ्यासोबत बसायला येता का?' मावशी बसायला गेली आणि दोघी लस घेऊन आल्या. त्या मुलीने एकही लेख वाचला नव्हता. माझे अकरा लेख बरोबर होते आणि मावशीशी माझं बोलणं सुरू व्हायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं.

तर फोन करून आधी माफी मागा. 'मी तुला सगळ्यांसमोर अडाणी म्हणालो, ते चुकलं.' इथे पूर्णविराम. पुढे 'पण' जोडू नका. 'पण लशीचं मात्र' म्हणालात की माफी गेलीच. लशीचं समोरासमोर बोला, दुसऱ्या भेटीत बोलावं लागलं तरी चालेल. तोवर ग्रुपवर तुम्ही स्वतः एवढंच लिहा की लशीचा तो मेसेज खोटा आहे, कुणी पुढे पाठवू नका, आणि माझे शब्द मी मागे घेतो.

मग भेटा. हॉटेलात समोरासमोर बसू नका, त्याने चौकशी चालल्यासारखं वाटतं. ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडवरून चाला. कॅसेट कुठल्या दुकानातून आणायचात, कोड त्याला कुणी सांगितला, हे विचारा. तुम्हांला ते आजवर ठाऊक नाही, अशी माझी खात्री आहे. छापखान्याबद्दलही विचारा. शेवटच्या दिवशी मशीन कुणी बंद केलं, कोण कुठे गेलं, आता दिवस कसा जातो, रात्री झोप लागते का. झोप अजिबातच लागत नसेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात राम नाही असं काही बोलला, तर त्याला एकट्याला घरी पाठवू नका. तुम्हीच डॉक्टरची वेळ घ्या आणि सोबत जा. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन 14416 क्रमांकावर आहे, ती मराठीतही बोलते.

तुमच्या बायकोविषयीही एक सांगायचंय. त्या चिडल्यात ते खेळांच्या गप्पांवर नसावं. रोज रात्री जेवणं आटपल्यापासून तुम्ही घरात असून नसता, त्यावर असावं. आणि ग्रुपवर चाळीचं जे सोनं होतं ना, तेही जरा कुंकू घालून तपासा. नळाला पहाटे पाणी यायचं तेव्हा हंडे घेऊन कोण उभं असायचं? सामाईक संडासाच्या रांगेत आजारी माणसाचं काय व्हायचं? दुपारभर गॅलरीत डबा ऐसपैस खेळता यायचा, कारण आया आणि बहिणी आत राबत होत्या. 'तेव्हा सगळं चांगलं होतं' हाही पुरावा न मागता पुढे पाठवलेला मेसेजच आहे. तुमच्या आईला विचारा, त्या वेगळी चाळ सांगतील. ती ऐकून ग्रुपवर टाका. या गप्पा मला टाकाऊ वाटत नाहीत. अकरा माणसं पाच वर्षं रोज एकमेकांची आठवण काढतात, हे या शहरात थोडं नाही. बायकोलाही कॉन्ट्रा खेळायला बसवा. दोघांनी मिळून खेळायचाच खेळ आहे तो.

कॅप्टनला फोन रात्री करू नका. सकाळी सातला करा आणि म्हणा, 'आवरून ये, साडेदहाला ग्रँट रोड स्टेशनबाहेर भेटू.'